शुक्राचा आकडा

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे दुरुस्तीकाका म्हणत. गिऱ्हाइकाच्या मजकुरातल्या चुका न विचारता सुधारायची त्याला खोड होती. 'शितपेय' लिहून आणा, पाटीवर 'शीतपेय'च उमटणार, वर तुम्हालाच दोन शब्द ऐकावे लागणार. चाळीस वर्षांत आपल्याला एक अक्षर खोडावं लागलं नाही, याचा केवढा तोरा! पण छापील बॅनर आले आणि पाट्या गेल्या. अशात शाळेने व्हरांड्याची भिंत दिली. सूर्यमाला काढायची, प्रत्येक ग्रहाखाली त्याचं तापमान लिहायचं. ही भिंत साधली तर उरलेल्या चार त्याच्या. नाहीतर तिथेही बॅनर. मुख्याध्यापिकेने हे तोंडावर सांगितलं होतं.

विज्ञानाच्या बाईंनी आकड्यांचा कागद दिला. लांब जावं तसं गारठत जायचं, हे बाकीच्या ग्रहांना कळत होतं. नेपच्यूनपाशी उणे दोनशे. पण बुध: दिवसा ४३०, रात्री उणे १८०. आणि शुक्र: ४६५! काकाने कपाळावर हात मारला. सूर्याच्या मांडीवर बसलेला बुध कमी तापतो आणि त्याच्या पलीकडचा शुक्र जास्त? त्याने ४३० आणि ४६५ यांची अदलाबदल केली आणि, सूर्याशेजारी कसली आलीय थंडी म्हणून, बुधाच्या १८० मागचं 'उणे' गाळून टाकलं. दहातल्या नऊ जणांनी हेच केलं असतं. फक्त ते भिंतीवर रंगवून मोकळे झाले नसते.

दुपारी बायको डबा घेऊन आली, मागोमाग बाई आल्या.

"काका, कागदावर काय होतं?"

"चूक होती. सुधारली."

"तुम्ही सूर्यमाला सुधारलीत?"

बायको फिसकन हसली. काका शिडीवरून उतरला.

"बुधाला हवा जवळजवळ नाहीच," बाई म्हणाल्या. "ऊन असलं की भाजतो, ऊन गेलं की उघड्या अंगाने गारठतो. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडचं जाडजूड पांघरूण आहे. उन्हात काचा लावून ठेवलेल्या गाडीत बसलात कधी? तसंच काहीसं. ऊन आत शिरतं, उष्णतेला बाहेर पडता येत नाही. दिवस असो की रात्र, ४६५. शिसं वितळेल तिथे."

"आणि हे मला चाळीस वर्षं शुक्राची चांदणी म्हणतात!" बायको म्हणाली.

"बरोबरच म्हणतो मग," काका पुटपुटला.

पण हसू त्याच्या ओठांवर टिकलं नाही. काम आटपून निघताना मावळतीला दिसणारा तो शांत, पांढरा ठिपका. त्याच्यात हे चाललेलं असतं? तेही आगीच्या जवळ आहे म्हणून नव्हे, नुसत्या पांघरुणापायी?

"आणि आपल्या पृथ्वीचे पंधरा?" त्याने विचारलं.

"सरासरी. आपलंही पांघरूण आहे, बेताचं. हवा नसती तर उणे अठरा."

"हवा म्हणजे... ही?" त्याने तोंडासमोर तळहात धरला.

"हीच."

काका तसाच उभा राहिला. त्याचा श्वास हातावर येत होता, जात होता. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास याच हवेतून येत होता, मैदानावरच्या पोरांचा कालवाही. जन्मभर तिच्यात राहून त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. "काय झालं?"

"माझ्या अक्षराचा जरा घोटाळा..." बाईंनी सावरायला घेतलं.

"नाही हो," काका म्हणाला. "कागद बरोबर होता. मी चुकलो." चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्याने स्वतःच्या हाताने आकडे पुसले. बायकोला ते बघवेना, तिने मान फिरवली.

मुख्याध्यापिकेने घड्याळ पाहिलं. "संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल."

"मग बाकीच्या भिंतींचे कागदही घेऊन जा. आणि जे दिलंय तेच लिहा."

त्याने बुध लिहिला, शुक्र लिहिला. मग पृथ्वीखालची जागा वितीने मोजली.

"बाई, पंधराच्या खाली जागा उरते. 'हवा नसती तर उणे अठरा' असं घालू का?"

दुरुस्तीकाका विचारत होता! बायको डब्याचं झाकण हातात धरून बघतच राहिली.

"घाला," बाई म्हणाल्या. "फक्त उणे विसरू नका."