एका अडॅप्टरवरचे चार फोन

बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी तिच्यात भजी बांधतात. किश्शाचं तसं नाही. तो कुणी छापत नाही, म्हणून टिकतो! तीस वर्षं उल्हासनगर ते बदलापूर बातमीदारी केली. बातम्या विसरलो, किस्से साचत गेले. त्यातले निम्मे कॅम्प तीनमधल्या सुनीता गायकवाडच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातले. संध्याकाळी तिथं आमची बैठक असते: सुनीता, अंबरनाथच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले पाटीलकाका, चार्जरचे होलसेलवाले हरेशभाई आणि मी. हे पुढचे सगळे किस्से एकाच टेबलाचे.

* * *

बदलापुरातल्या कुळगावच्या एका अभ्यासिकेला सुनीतानं टेबल करून दिलं. आत चार वायरलेस चार्जर, चौघांना मिळून एकच अडॅप्टर. फोन नुसता वर ठेवायचा. या कामासाठी सुनीताचं नाव मीच सुचवलं होतं. टेबलावर चिकटवायची सूचनाही मीच लिहून दिली, ऱ्हस्व-दीर्घ तपासून: ‘फोनच्या मागे नाणे, किल्ली किंवा धातूची कोणतीही वस्तू ठेवू नये.’

पहिल्या दिवशी अभ्यासिकेचे सचिव म्हात्रे सरांनी फोन ठेवला. हिरवा दिवा! टाळ्या!

दुसऱ्या दिवशी चार मुलींनी एकदम चार फोन ठेवले. टुण्... बंद. टुण्... बंद.

एक मुलगी म्हणाली, “सर, हा चार्ज करतोय की डोळा मारतोय?”

* * *

तक्रार झाली की म्हात्रे सर यायचे, आपला एकटा फोन ठेवायचे आणि म्हणायचे, “माझा तर होतो की! मुलींचे फोनच स्वस्तातले.”

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं हेच बघतोय! पाणी नाही म्हणून बायका ओरडतात, साहेब पाहणीला येतात, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी असतं!

“सर, चारही फोन एकदम ठेवून बघा ना!”

“बघू. रविवारी, अख्ख्या कमिटीसमोर,” सर म्हणाले. “चालले तर आमच्या अंबरनाथच्या अभ्यासिकेचं टेबलही गायकवाड मॅडमचं. नाही चालले तर हेसुद्धा उचलायचं.”

सुनीता एवढंच म्हणाली, “उचलायची वेळ आली तर हमाल नको सर. मीच उचलीन.”

* * *

मी टेबलातले चारही चार्जरचे पॅड पिशवीत घातले आणि ज्यांच्याकडून ते घेतले होते त्या हरेशभाईंच्या गाळ्यावर थेट. “बनावट माल विकता? पहिल्या पानावर घेईन!”

हरेशभाईंनी शांतपणे एकेक पॅड लावून वर फोन ठेवला. चारही ठणठणीत! मग आपल्या सिंधी ढंगात म्हणाले, “साईं, पकडलेल्या चोराला पण तुम्ही पेपरमध्ये ‘कथित’ लिहिता. मेरे को डायरेक्ट चोर?”

मी चारही पॅड परत पिशवीत भरले. 

* * *

पाटीलकाकांचा निकाल तयार होता. “अडॅप्टर कमी पडतोय. एका नळावर चार बिऱ्हाडं!”

दुप्पट ताकदीचा अडॅप्टर आणला. टुण्... बंद. काकांनी मीटर लावला. चार फोन ठेवूनही व्होल्टेज पुरेपूर!

काकांनी मीटरच्या वायरी काढल्या. “रिपोर्ट नॉर्मल, पेशंट सिरियस!”

* * *

शनिवारी सुनीतानं मला विचारलं, “दादा, साक्षीदारांचं जुळत नसेल तर तुम्ही काय करता?”

“वेगवेगळं बसवतो. कोण कुणाचं ऐकून बोलतंय ते लगेच कळतं.”

“मग तेच करू.”

तिनं चारही पॅड टेबलात होते तेवढ्याच अंतरावर मांडले, पण प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर दिला. चारही सुरळीत! पुन्हा एका अडॅप्टरवर आणले. टुण्... बंद. म्हणजे भांडण हवेतून नव्हतं, वायरीतून होतं.

तिनं समजावलं ते असं: फोन चार्जरला सारख्या खुणा करत असतो, ‘अजून दे’, ‘आता पुरे’. चारही चार्जर सामाईक वायरीत खरखर सोडतात. त्या गोंगाटात आपल्या फोनची खूण कळेनाशी झाली की चार्जर हात आखडता घेतो.

“म्हणजे पत्रकार परिषदच!” मी म्हणालो.

तिनं प्रत्येक पॅडच्या वायरीत खरखर अडवणारं छोटंसं कॉइल आणि कपॅसिटर जोडलं. एकच अडॅप्टर, चार फोन, आणि तासभर एकही टुण् नाही!

* * *

रविवार. अख्खी कमिटी हजर, आमची बैठकही. तीन मुलींनी तीन फोन ठेवले. हिरवा, हिरवा, हिरवा. चौथा म्हात्रे सर ठेवणार, तेवढ्यात मी हात आडवा घातला. “तुमचा नको सर! तुमचा नेहमीच चालतो. तटस्थ फोन पाहिजे!”

आणि माझा ठेवला.

लाल!

सर सुनीताकडे वळले. “मॅडम, टेबल...”

“थांबा!” मी ओरडलो. “याची चौकशी झाली पाहिजे!”

सुनीता जागची हलली नाही. “दादा, ती सूचना जरा मोठ्यानं वाचा.”

मी वाचली. आयुष्यात इतक्या हळू आवाजात काही वाचलं नव्हतं. मग फोनचं कव्हर काढलं. आतून माझं प्रेसचं कार्ड निघालं, स्टीलच्या क्लिपसकट.

फोन परत ठेवला. चारही हिरवे.

“अंबरनाथचं टेबल कधी देताय मॅडम?” म्हात्रे सरांनी विचारलं.

मागून हरेशभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “साईं, घाबरू नका. मी तुम्हाला ‘कथित’ चोरच बोलेन!”