दसऱ्याचं हत्यार

मुलांनो, बांगलादेशच्या लढाईनंतर भिंगारला आमच्या शेजारी पलटणीतले एक निवृत्त हवालदार एकटेच राहत. आयुष्यभर त्यांनी थ्री-नॉट-थ्री रायफली दुरुस्त केल्या होत्या. मग नव्या रायफली आल्या आणि हे घरी बसले. तरी दसऱ्याला पलटणीतून शस्त्रपूजेचं बोलावणं येई.

त्या वर्षी कडक इस्त्रीचे कपडे घालून ते दुपारपर्यंत ओट्यावर बसले, पण कुणी आलं नाही. मी माझं शिलाई मशीन त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं.

"बाई, ह्याचा नेम कसा हाय?" ते हसले.

त्यांनी मशीन चिंदीनं पुसलं, तेल दिलं, झेंडू वाहिला. मी उचलायला गेले, तर त्यांनी हात आडवा घातला.

"आधी मशीनवरला नंबर वाचा. रजिस्टरशी नंबर जुळल्याबिगर हत्यार सोडत न्हाई आमी."

पुढच्या दसऱ्याला मी मशीन सकाळीच नेलं. ते ओट्यावर येऊन बसण्याआधी.