पहिलीची गाडी

भोंगाबाईंचं खरं नाव काय, हे विचारायच्या फंदात आता कोणी पडत नाही. बसस्टँडवर त्या घोषणा करायच्या, आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जायच्या, म्हणून तिथल्या चालक-वाहकांनी हे नाव ठेवलं. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं होतं बाई चिडतील. बाईंनी ते बिल्ल्यासारखं मिरवलं.

घोषणा करणं म्हणजे कागदावरचं वाचून दाखवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी गाडी चुकवलेली नाही. स्टँडचा नियम असा होता की शेवटची घोषणा संपल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. काचेच्या खोलीतून बाईंना अख्खं आवार दिसायचं. फाटकातून एखादी बाई काखेत पोर आणि हातात बोचकं घेऊन धावत येताना दिसली, की बाईंची घोषणा लांबायची. "प्रवाशांनी आपलं सामान तपासून घ्यावं. खिडकीबाहेर हात काढू नये. डोकं तर मुळीच काढू नये." चालक स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा, आणि धावणारी बाई गाडीत चढली की घोषणा आपोआप आटपायची. चालकांना हे ठाऊक होतं. ते कुरकुर करायचे, पण स्वतःची बायको माहेरची गाडी पकडायला यायची असली की तेच खोलीत डोकावून सांगायचे, "बाई, आज जरा लांबवा."

मग स्टँडवर मशीन आलं. मशीनचा आवाज गोड होता, सर्दी नाही, पडसं नाही, पगार नाही. फक्त त्याला डोळे नव्हते. बसवायला आलेला माणूस भलताच घाईत होता. बाईंची घोषणा चालू असतानाच त्याने हात पुढे करून माइक बंद केला आणि म्हणाला, "राहू द्या ताई, आता हेच बोलेल." अर्धं वाक्य बाईंच्या घशातच राहिलं. लोक म्हणतात माणसाने नोकरीचं एवढं मनाला लावून घेऊ नये. नोकरी गेल्याचं बाईंनी घेतलंच नव्हतं. वाक्य तोडल्याचं मात्र त्या विसरल्या नाहीत.

पुढे त्या एका प्राथमिक शाळेत कारकून म्हणून लागल्या. घंटा द्यायची, दाखले लिहायचे, दर शनिवारी पालकांसाठी शाळेच्या बातम्यांचं पत्रक काढायचं. पत्रकाचा मजकूर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सांगत. "सर्व पालकांना कळविण्यात येते की पाल्याची अनियमित उपस्थिती ही गंभीर बाब असून याची नोंद घ्यावी." पालकांनी नोंद घेतली नाही. पाल्यांनी त्याच कागदाची विमानं केली, आणि पावगल्ली म्हणतात त्या गल्लीतल्या पावाच्या कारखान्यात तर भोंगाबाईंना आपलंच पत्रक पावाच्या ट्रेखाली अंथरलेलं दिसलं. गंभीर बाब पीठ गळू नये म्हणून कामाला आली होती.

आणि बाब खरोखर गंभीर होती. पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा असायचा. वरून हुकूम आला की तपासणीचे साहेब एका सोमवारी येतील, पहिलीत पाऊण वर्ग तरी भरलेला दिसला नाही तर पहिली बंद, आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. त्या रस्त्यावर मोठ्या माणसांनाही जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागायचं, तिथे सहा वर्षांची पोरं काय जाणार? ती घरीच बसली असती. शिवाय यंदा पहिली गेली की पुढच्या वर्षी दुसरी रिकामी, मग तिसरी. खालची वीट काढल्यावर वरचं काय राहतं, हे सांगायला गवंडी लागत नाही.

"पत्रक लाल अक्षरात काढू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लाल काढा नाहीतर हिरवं काढा, पावाखालीच जाणार," भोंगाबाई म्हणाल्या.

घरी त्यांनी हे गाऱ्हाणं सुनेला सांगितलं. सून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, आजकाल वाचतं कोण? पालकांचा ग्रुप आहे ना शाळेचा, त्यावर बोलून पाठवा. हे बटण दाबून धरायचं, बोलायचं. बोट उचललं की गेलं." बाईंनी फोन हातात घेतला. बटण दाबलं, आणि समोर कोणी नसताना बोलायचं म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांची वाचा बसली. काय बोलावं? अशा वेळी जीभ तिच्या ओळखीच्या वाटेने जाते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पहिलीची गाडी उद्या सकाळी पहिल्या घंटेला सुटत आहे. चढणाऱ्यांनी डबा आणि पाटी सोबत घ्यावी." स्वतःचंच हसू आलं म्हणून त्यांनी तोंडावर हात नेला, आणि हात नेला म्हणजे बोट उचललं गेलं.

"गेलं," सून म्हणाली, आणि लाटणं खाली ठेवून पोट धरून हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी भोंगाबाई बोलणी खायच्या तयारीनेच शाळेत गेल्या. मोठ्या बाई दारातच उभ्या. "ही शाळा आहे का स्टँड? पालक काय म्हणतील आपल्याला?"

पालक काय म्हणाले ते कळायच्या आत एक पोरगी बापाचा हात ओढत, धापा टाकत आत आली आणि तिने विचारलं, "गाडी सुटली का?" तिच्यामागे आणखी दोघं. एकाने खिडकीजवळची जागा मागितली. त्याच्या आईने सांगितलं, "रोज ओढून आणावं लागतं हो याला. आज मलाच ओढत आणलं." मोठ्या बाईंनी पहिलीच्या वर्गात डोकावून पाहिलं, मग भोंगाबाईंकडे पाहिलं, आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "उद्याचं काय बोलणार आहात, ते आधी मला दाखवा." नकार नव्हता, एवढं पुरे होतं.

तेव्हापासून संध्याकाळी घराघरांत फोन मध्ये ठेवून माणसं भोंगाबाईंची वाट पाहू लागली. त्या शाळेच्या बातम्या सांगायच्या. कोणाचा दात पडला, नळाला पाणी कधी आलं, आवारातल्या कोंबडीने ग्रंथालयाच्या पायरीवर अंडं घातलं. "उद्या ते अंडं हात न लावता दाखवण्यात येईल. जे येणार नाहीत, त्यांनी येणाऱ्यांना विचारावं, पण त्यात मजा नाही." गैरहजर मुलाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. स्टँडवर त्यांनी कधी म्हटलं नव्हतं की अमक्याची गाडी चुकली. चुकलेल्याला ठाऊक असतं. त्याला फक्त पुढची गाडी कधी, ते सांगायचं असतं.

हळूहळू पहिली भरत आली. सतरंजीवर जागेवरून भांडणं होऊ लागली, आणि जागेवरून भांडण म्हणजे शाळेला आलेले सुगीचे दिवस. मोठ्या बाईंनी सकाळच्या रांगेपुढेही बातम्या सांगायची परवानगी दिली. पहिल्या मजल्याच्या सज्जात जुना माइक बसला आणि नियम ठरला की बातम्या संपेपर्यंत रांग मोडायची नाही, वर्गात जायचं नाही, हजेरी घ्यायची नाही. हा नियम मोठ्या बाईंनी शिस्तीसाठी केला होता. भोंगाबाईंना तो ओळखीचा वाटला.

फक्त पावगल्लीची मुलं सोमवारी यायची नाहीत. भोंगाबाई एक दिवस थेट कारखान्यात गेल्या. भट्टीवाला, गल्लीतल्या सगळ्यांचा म्होरक्या, पीठ झटकत पुढे आला.

"बाई, रविवारी रात्री सगळ्यात जास्त माल निघतो," तो म्हणाला. "आम्ही नवरा-बायको दोघंही इथेच. सकाळी घरी पोचतो, पोरांना उठवतो, तोवर तुमची गाडी गेलेली असते. मग पोरं म्हणतात, आता कशाला जायचं."

"मी स्टँडवर काचेच्या खोलीत होते तोवर धावत येणाऱ्याला टाकून गाडी गेलेली नाही," भोंगाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त निघा. वाटेत आहात एवढं मला दिसू द्या. पुढचं मी बघते."

भट्टीवाल्याने मान हलवली. त्याला ते पटलं की नुसतं मोठ्या माणसाचं मन राखलं, हे कळायला मार्ग नव्हता. पुढच्या सोमवारी मात्र पावगल्लीची दोन-चार मुलं उशिरा का होईना, डोळे चोळत आली.

आणि मग तो सोमवार आला. साहेब वेळेआधी हजर. किडकिडीत, हातात पेन उघडंच. मोठ्या बाईंनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. "बातम्या होऊन जाऊ द्या," ते म्हणाले, "मुलं वर्गात गेली की मोजतो. मला पुढे आणखी दोन शाळा आहेत."

भोंगाबाई सज्जात उभ्या राहिल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. पहिलीची रांग मध्येच संपली होती. पावगल्लीतलं एकही मूल नव्हतं. रात्री भट्टी बिघडली आणि माल उशिरा निघाला, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की ही रांग वर्गात गेली तर पहिली गेली.

त्यांनी माइक सुरू केला. जुन्या सवयीने नजर आधी भिंतीपलीकडे, रस्त्याच्या टोकाला गेली. तिथे विटांचा ट्रक असा आडवा लागला होता की पायी जायलाही फट नव्हती, आणि त्याच्यामागे पावाचा टेम्पो अडकला होता. टेम्पोच्या हौद्यात, रिकाम्या ट्रेंच्या मधून, लहान लहान डोकी दिसत होती. भट्टीवाला पायरीवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

भोंगाबाईंनी श्वास भरून घेतला.

"सर्वांनी लक्ष द्यावे," त्यांनी सुरुवात केली. आजच्या बातम्या सांगून झाल्या. साहेबांनी पेन सावरलं. "आता हरवलेल्या वस्तू. एक मोजा, निळा, डाव्या पायाचा. उजव्या पायाचाही असू शकतो, कारण मोज्याला ते कळत नाही. एका डब्याचं झाकण. एक खोडरबर, अर्धं खाल्लेलं. ज्याने खाल्लं त्याने पुढे यावं, ओरडणार नाही, फक्त चव विचारायची आहे." रांगांमध्ये खसखस पिकली. ट्रक अजून आडवाच होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे रोज एवढं चालतं?"

मोठ्या बाईंनी वर पाहिलं. भोंगाबाईंची नजर कुठे लागली आहे, तिकडे पाहिलं. मोठ्या बाई पाच मिनिटांच्या उशिरासाठी शिक्षकांना उभं करणाऱ्या. त्यांनी चष्मा नीट केला आणि खड्या आवाजात हाक दिली, "बाई, कोंबडीची बातमी राहिली."

भोंगाबाईंचे डोळे भरून आले, पण आवाज जागचा हलला नाही. त्यांनी कोंबडी घेतली. कोंबडीचं अंडं, अंड्याचं पिल्लू, पिल्लाला नाव काय ठेवावं यावर प्रत्येक वर्गाचं मत. दुसरीला एक नाव हवं, तिसरीला भलतंच. विटांचा ट्रक मागे सरला. टेम्पो सुटला. "पिल्लाने खिडकीबाहेर डोकं काढू नये, अशी त्याला समज देण्यात आली आहे." टेम्पो फाटकाशी थांबला, भट्टीवाल्याने फळी पाडली, आणि गरम पावाचा वास घेऊन पावगल्ली आवारात उतरली. कोणाच्या केसांत पीठ, कोणाचं बटण खाली-वर, पण सगळ्यांच्या गळ्यात दप्तर. ती रांगेत शिरली आणि पहिलीची रांग मागच्या भिंतीला टेकली.

"बातम्या संपल्या," भोंगाबाई म्हणाल्या.

साहेबांनी वर्गात जाऊन डोकी मोजली. पाऊण सोडाच, सतरंजीवर दोघांना एकाच्या जागेत बसवावं लागलं होतं. त्यांनी कागदावर सही केली आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "पहिली राहील." फाटकाकडे जाताना जिन्याशी भोंगाबाई भेटल्या, तिथे ते थांबले.

"बातम्या जरा लांबल्या आज."

"हो साहेब. कोणी धावत येताना दिसलं की लांबतात."

साहेबांनी टेम्पोकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि ते पुढच्या शाळेला निघाले.

भट्टीवाला अजून आवारातच उभा होता. रात्रभर जागून त्याचे डोळे तांबारले होते. त्याने पहिलीच्या खिडकीकडे बघत विचारलं, "बाई, सापडली ना गाडी?"

"तुमच्यासाठीच तर धरून ठेवली होती," भोंगाबाई म्हणाल्या.

मग त्या पुन्हा जिना चढून सज्जात गेल्या. आवार रिकामं होतं, मुलं वर्गात पाढे म्हणत होती, आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी माइक सुरू केला. मोठ्या बाई खाली कचेरीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, पण अडवलं नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," भोंगाबाई म्हणाल्या. "पहिलीची गाडी भरली आहे. कोणी मागे राहिलेलं नाही. गाडी सुटत आहे."

वाक्य पूर्ण झालं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माइक बंद केला.