मागं उभं राहून शिकलेलं तिर्रट

तिर्रटाचा मी एकच डाव खेळलो आन त्यात एक मेंढी घालवली. मेंढी माझी असती तर घटकाभर रडलो असतो आन गप बसलो असतो. पर ती सासऱ्याची व्हती. ती गेल्यावर उरलेल्या माझ्या चाळीस मेंढरात बी निम्मी सासऱ्याची, वळखीला कानाला कातरा मारलेली. घरी येऊन बायकूला सांगितलं, लांडग्यानं नेली. ती म्हणली, "बरं." तेवढंच. मला वाटलं, सुटलो.

निजामाचं राज जाऊन पाच-सहा वर्सं झाली असतील तवा. देवगाव फाट्यावर एक लिंबाचं झाड, एक कुडाचं हाटेल आन दिवसातून दोनदा येणारी मोटार, एवढंच व्हतं. हाटेलाच्या मागं झाडाखाली पोतं टाकून तिर्रट चालायचं. हरेकाला पत्त्याची तीन पानं. चांगली आली तर बोली चढवायची, भिकार आली तर फेकायची. आन जिगर असली तर भिकार पानावरच बोली चढवून समोरच्याला हूल द्यायची. त्यो भेला आन त्यानं पानं फेकली, की डाव तुमचा.

मला पानावरचं अक्षर कळत नव्हतं. मेंढरं मोजतो तसे ठिपके मोजायचो. चित्रं वळखायला शिकलो. राणी म्हंजी नथ न घातलेली बाई. बादशा म्हंजी दाढीवाला. गुलाम म्हंजी उगंच सजून बसलेला बिनकामाचा, त्येला बघून मला लय जवळचं वाटायचं.

मेंढी गेल्यावर मी ठरवलं, आता आधी बघून शिकायचं. सगळ्यायचे डाव मागं उभं राहून बघायचे, हुशार व्हायचं, आन मग एक दिवस बसून सासऱ्याची मेंढी जिंकून आणायची. लांडग्यानं नेलेली मेंढी माघारी कशी आली, हे बायकूला काय सांगायचं, त्याचा इचार केला नव्हता. माझं डोस्कं असंच हाय. अर्ध्या वाटंपस्तोर जातं आन बसतं.

त्या उन्हाळ्यात माझी मेंढरं फाट्याजवळच्या एका मोठ्या मालकाच्या रानात बसवली व्हती. मेंढरं रानात मुक्कामाला राहिली की लेंड्याचं खत पडतं, मालक त्याची जवारी देतो. दुपारी मेंढरं सावलीला बसली की बायकू राखायची आन मी "पाणी बगून येतो" म्हणून फाट्यावर.

हाटेलवाला लय भला मानूस वाटायचा. त्यो स्वता बी खेळायचा. मी गेलो की म्हणायचा, "या पाव्हणं! असे तिकडं उभे राहा, तिकडं वारा हाय." म्हंजी त्याच्या समोर बसलेल्याच्या पाठीमागं. वर चहा फुकट. मी मनात म्हणायचो, बघा, मानसाला मानसाची किंमत हाय.

वारा तिकडं कधीच नव्हता. पर हे मला लय उशिरा कळालं.

मी काठी टेकून उभा राहायचो आन शिकायचो. एकाला चांगली पानं आली की त्यो बिडी इझवायचा. दुसऱ्याचे कान हालायचे, खोटं न्हाई सांगत, बोकडावानी. रानाचा मालक स्वता खेळायला यायचा, त्याचं मातर काही कळायचं न्हाई. भला थोरला मानूस, मिशा अशा, की त्यो खोकला तरी माझी मेंढरं उठून उभी राहायची. मीबी. पर मी त्याच्यापून एक शिकलो, तोंड दगडावानी ठेवायचं. मी उभ्या उभ्या सराव केला. कुणाला राणी येवो, बादशा येवो, माझ्या तोंडावरची माशी हालायची न्हाई. मला वाटलं, आता मी तयार झालो.

तेवढ्यात त्यो दिवस आला.

मालक बैलगाडीनं आला व्हता. बैल सोडून झाडाला बांधले आन बसला. मी सवयीनं त्याच्या मागं. पानं आली, मी वाकून बघितली. दुर्री, पंजी, नव्वी, तिन्ही तीन रंगाची. ह्याच्याहून भिकार पानं कुणाला येत न्हाईत. पर मालकानं बोली चढवली. हूल द्यायलाय हे मला कळालं. मी तोंड दगड केलं. हाटेलवाल्यानंबी चढवली. मालकानं अजून चढवली. शेवटी मालक म्हणला, "ह्यो पांढरा बैल लावला."

हाटेलवाल्यानं खाली बघितलं, वर बघितलं, आन म्हणला, "दाखवा, मालक."

त्याच्याकडं फकस्त दोन छक्क्या व्हत्या. तेवढ्यावर त्यानं बैल जिंकला.

मालक पानाकडं बघत बसला. मंग हळूच म्हणला, "दोन छक्क्यावर बैलाला कुणी थांबत न्हाई. ह्येला माझी पानं ठाव व्हती." आन मान फिरवून माझ्याकडं बघितलं. "माझ्या मागं कोण उभं हाय?"

मी मागं बघितलं, माझ्या मागं कुणी हाय का म्हणून. कुणी नव्हतं.

"मालक, म्या तोंड बी हालवलं न्हाई! आईची आन!"

"मेंढक्या, चहा फुकट पाजतो ना रे त्यो तुला?"

मी व्हय म्हणून मान हालवली. मालकानं गड्याला हाक मारली. "जा, ह्याची मेंढरं आपल्या वाड्यात कोंड. ह्यानं इशारा केला असं निघालं तर त्यातलं एक कोकरू बी भाईर येणार न्हाई. आन ह्यो मेंढरामागं काठी धरतो तो हात बी ऱ्हाणार न्हाई."

चाळीस मेंढरं. निम्मी सासऱ्याची. हातापरीस मला सासऱ्याचंच भ्या जादा वाटलं, हे खरं सांगतो. हात गेला तर सासरा आणखी एक हात मोडायला मोकळा व्हता.

"मालक, मी इशारा न्हाई केला. तोंडावरून कळालं असल, आपोआप. माझं तोंडच येडं हाय!"

"मंग बगूच." त्यानं मला पोत्यावर समोर बसवलं. मोटारीची वाट बघत बसलेला एक म्हातारा बोलवून घेतला आन पानं पिसायला लावली. म्हाताऱ्यानं मला पानं दिली. मी बघितली. मालकानं माझ्या तोंडाकडं बघितलं. सगळे जण बघायले. मी मनात देवाला सांगायलो, आज तरी माझं तोंड बोलू दे. जन्मभर जे लपवलं न्हाई ते आज दाखवू दे.

पर भ्यानं तोंड असं गोठलं, की तीन बादशा आले असते तरी कळालं नसतं. म्हातारा म्हणला, "मढ्यावानी दिसायलाय ह्यो. काही कळत न्हाई." दुसरी पानं, तेच. तिसरी पानं, तेच. आख्खा उन्हाळा जे शिकायला गेलो ते मी नेमकं त्याच दिवशी शिकलो.

मालक उठला. "तोंडावरून कळत न्हाई. म्हंजी इशाराच केला. सांग, कसा केला?"

मी हाटेलवाल्याकडं बघितलं. त्यो केटलीचं झाकण पुसायलेला. एकच झाकण, कवाचं पुसायलेला. त्याला ठाव हाय आन त्यो सांगणार न्हाई, एवढं मला कळालं. पर त्याला काय ठाव हाय, हे मला ठाव नव्हतं.

तेवढ्यात बायकू पळत आली. पदर खोचलेला, हातात बाभळीची फांदी. "मेंढरं कामून कोंडायलाव ओ दादा? काय केलं ह्यायनी?"

मालकानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मंग इचारलं, "हे बसून बघतेत का उभं राहून?"

"उभं राहून."

"मंग उभं करा त्यायला. बसवून काय कळतंय? मी दिवसभर लांबून ह्यायलाच बघते. सगळं ठीक असलं की हे काठीवर रेलून एका पायावर उभे ऱ्हातेत, दुसरा पाय गुडघ्याला लावून. काही दिसलं, लांडगा म्हणा, चांगला चारा म्हणा, की वरचा पाय खाली येतो. मला हाक मारावी लागत न्हाई. तुमी खाली बसलाव, दादा. तुमच्या समोर खाली बसलेल्याला तुमच्या मागच्याचे पायच दिसणार की."

सगळे हाटेलवाल्याकडं बघायले. झाकण थांबलं.

मी आपला काठी टेकून उभा राहिलो. म्हातारा पानं घेऊन माझ्या पुढं बसला, मालक समोर, हाटेलवाल्याच्या जागी. आन झालं काय, माझे दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले. भ्यानं वर उचलंना. पानं आली, गेली, पाय तिथंच. मालक बायकूला म्हणला, "बाई, दोन्ही टेकलेत. तीन डाव झाले." त्याचा आवाज बारीक झाला व्हता, आन ते मला वरडण्याहून जादा वाईट वाटलं.

मी पाय उचलायला बघितला. मुद्दाम उचलला की पडायलो. मालक म्हणला, "नाटक करू नको."

बायकू जवळ आली. मला वाटलं, आता रडती. पर ती रोजच्यावानी बोलली, "अवो, आत्ताच चाळीसच्या चाळीस मोजलीत मी. कोंडली न्हाईत अजून, मी येवस्तोर गडी बांधावर थांबलाय. लंगड्या मेंढीनं कोकराला पाजलं. सगळी सावलीला बसलीत, रवंथ करायलीत." मंग परत, हळू, "सगळी बसलीत."

मला ती बसलेली दिसली. लंगडी, तिचं कोकरू, कातरा मारलेले कान. श्वास खाली उतरला. आन पाय कवा वर गेला ते मला म्हाताऱ्याच्या तोंडावरून कळालं.

"आता बोलू नका कुणी," बायकू म्हणली.

म्हाताऱ्यानं पानं घेतली. मालक माझ्या पायाकडं बघून म्हणला, "भिकार." म्हाताऱ्यानं पानं उलटी टाकली. तिर्री, सत्ती, गुलाम. दुसरी पानं. त्यात दोन एक्के आले. मला वाटलं मी हाललो न्हाई. "चांगली," मालक म्हणला. खाली बघितलं तर पाय जमिनीवर. परत वर. "भिकार." परत. "चांगली." चार डाव, चारी बरोबर. म्हातारा म्हणला, "आरं, ह्यो मानूस हाय का तराजू?"

मला तेवढंच बघायचं व्हतं, मालक हाटेलवाल्याचं काय करतो. पर त्यो नुसता उठला, झाडापाशी गेला, पांढऱ्या बैलाचं दावं सोडलं आन दोन्ही बैल गाडीला जुपले. हाटेलवाल्यानं हात बी वर केला न्हाई. जाता जाता मालक मला म्हणला, "मेंढक्या, परत तिर्रट बघायला आलास ना, तर एक पाय तोडून ठिवीन. मंग एकाच पायावर ऱ्हाशील." मला त्यो मस्करी करायलाय का खरं बोलायलाय, हे आजवर कळालं न्हाई. मी परत गेलो न्हाई.

रानाकडं जाताना बायकू पुढं, मी मागं. मेंढरं सावलीला खरंच बसलेली दिसली. मी म्हणलो, "तू आज माझा हात वाचवलास बग. हे पायाचं तुला कवापून ठाव हाय?"

"लगीन झाल्यापून."

मी थोडा चाललो. मंग डोस्कं, जे अर्ध्या वाटंपस्तोर जातं, ते त्या दिवशी नेमकं पुढं गेलं. लगीन झाल्यापून म्हंजी मी जे जे सांगितलं ते सगळं तिनं माझ्या पायाकडं बघूनच ऐकलं असणार. पाणी बगून येतो ते. जेवलोय ते. आन ते बी.

ती मागं न बघता म्हणली, "त्यो लांडगा, अवो. आपली मेंढी नेणारा. त्यो हाटेलातला चहा पेत व्हता का?"

मी वाटंतच थांबलो. काठी टेकली. आन पाय कसे ठिवावं, एक का दोन, तेच मला उमजंना.