माझं शिफारसपत्र, माझ्याच हातचं

तीन वर्षांची बी.एस्सी. मी पाच वर्षांत केली. लग्नाच्या बायोडेटात आईने नुसतं 'बी.एस्सी., मायक्रोबायॉलॉजी, पुणे' एवढंच छापून घेतलं होतं. क्लास कुठला, हे नवऱ्याने पहिल्या भेटीत विचारलं नाही आणि मी कशाला सांगते! कारण तरी काय मोठं होतं? बारावीनंतर मेडिकल थोडक्यात हुकलं आणि मी रुसले. लहान पोर रुसतं तशी. मला डॉक्टर करत नाही ना, मग तुमची ती बी.एस्सी. घाला चुलीत. प्रॅक्टिकलला दांड्या, जर्नल मैत्रिणीचं उतरवलेलं, दिवसभर कँटीनमध्ये चहा. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, दुसऱ्या वर्षी तीन, आणि शेवटी एकदाची पास क्लासात सुटले. घरात कोणी आजारी नव्हतं, कसली ओढाताण नव्हती, साधा प्रेमभंगसुद्धा झाला नव्हता. नुसता माज.

मग न्यूझीलंडला येऊन मॅनेजमेंटचा एक डिप्लोमा केला. तो कशासाठी केला हे मला अजून कळलेलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, लोअर हट नावाच्या गावात घर घेतलं, आणि डोंगराच्या पलीकडे पोरिरुआला एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर म्हणून लागले. म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, फिरवून आणायचं. तात्पुरतं म्हणून धरलेलं काम, पण त्याला सहा वर्षं झाली. खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडायचं. पुण्यात फोनवर मात्र मी 'हेल्थकेअरमध्ये आहे' असं मोघम सांगायचे.

आमच्याकडे एक आजोबा होते, जन्मभर प्लंबिंग केलेले. रोज सकाळी मला 'किया ओरा, बॉस' असा माओरी नमस्कार करायचे आणि चहाचा दुसरा कप मागायचे. एका सकाळी त्यांनी दुसरा कप मागितला नाही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं, पण हे आपले भिंतीकडे बघत बसलेले. मी आमच्या इन्चार्ज नर्सकडे गेले. ही सामोआ बेटांवरची बाई, अंगाने भरलेली, आवाज खणखणीत. ती चार कामांत होती. म्हणाली, बघते नंतर. मी म्हटलं, नंतर नाही, आत्ता चल. माझं डोकं तापट आहे, ते त्या दिवशी कामाला आलं. आजोबांना लघवीचं इन्फेक्शन होतं आणि ते रक्तात उतरायला लागलं होतं. वेळेत हॉस्पिटलला गेले, आठवड्याने परत आले.

"तू अजून केअरगिव्हर कशाला आहेस?" नर्स मला म्हणाली. "नर्सिंगला जा."

"माझे मार्क फार वाईट आहेत गं."

"मी मार्क विचारले का तुला?"

तिने नव्हते विचारले, पण कॉलेज विचारणार होतं. कुठलीही पदवी असलेल्यांसाठी दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स होता, घरापासून ट्रेनने जाता येईल इतका जवळ. अट अशी, की पदवीला सरासरी बी ग्रेड हवी. माझ्या सात मार्कशीटांची सरासरी काढली तर कुठलं अक्षर येईल याचा मी विचारच करत नव्हते. फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, आधी ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचे पेपर करून दाखव, मग आम्ही तुझा अर्ज पूर्ण बघू. इथे विषयाला पेपर म्हणतात. केले बाई. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी डायनिंग टेबलावर हाडांची नावं पाठ केली. मुलगी प्रश्न विचारायची, मी मराठीत सांगितलं की इंग्लिशमध्ये खोडून काढायची. दोन्ही पेपरांत ए मिळाला. जन्मात पहिल्यांदा मार्कशीट फ्रिजवर लावली.

आता राहिलं होतं शिफारसपत्र, आणि तिथे मी माती खाल्ली.

इथल्या मराठी मंडळात एक डॉक्टर आहेत, मोठे स्पेशालिस्ट. सगळे त्यांच्याशी जरा सावरून बोलतात. गणपतीच्या आरतीनंतर मी त्यांना गाठलं. म्हटलं, डॉक्टर, तुमचं पत्र मिळालं तर वजन पडेल. ते मोदक खाता खाता म्हणाले, "अगं, आनंदाने! पण मला कुठे वेळ? तूच ड्राफ्ट करून पाठव, मी सही करतो."

यात मला काही म्हणजे काही वावगं वाटलं नाही. आजवरची माझी सगळी पत्रं अशीच झाली होती. कॉलेजच्या सरांचं मीच लिहिलं होतं, पहिल्या नोकरीच्या साहेबांचंही मीच. आपल्याकडे मोठा माणूस सही करतो, लिहायचं ते आपणच. रविवारी दुपारी लिहायला बसले. आहाहा, काय रंग चढला! कष्टाळू काय, मनमिळाऊ काय, निरीक्षण काय. स्वतःचं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून करायला हात कसा सरसर चालतो. मग मार्कांचा परिच्छेद आला आणि हात थांबला. कमी मार्कांचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं, आणि 'माज' असं काही लिहिता येत नव्हतं. मग मी बाबांना आजारी पाडलं. किडनीचा दीर्घ आजार, डायलिसिस, थोरल्या मुलीवर पडलेली जबाबदारी, दवाखान्यातून परस्पर परीक्षेला जाणं. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले, म्हणजे बघा. पत्राशी जुळावं म्हणून अर्जासोबतच्या माझ्या निवेदनातही तेच घातलं.

नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "तुझे बाबा कधी आजारी होते? ते तर रोज टेकडी चढतात."

"गप्प बस. सगळे असंच लिहितात."

"मी नाही लिहीत."

"तुला फर्स्ट क्लास होता!" मी ओरडले, आणि असं आमच्या लग्नाच्या नवव्या वर्षी त्याला माझा क्लास कळला. तो हसला फक्त. त्याचाही मला राग आला. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सही करून पत्र पाठवून दिलं.

इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तेव्हा मी हवेत होते. समोर दोघं होते. एक नर्सिंग शिकवणाऱ्या माओरी बाई, साठीच्या, पांढरे केस, शांत. दुसरा एक तरुण शिक्षक, तो लिहून घेत होता. त्या बाईंनी कामाचं काही विचारलंच नाही. आधी स्वतः कुठल्या, घरचे कोण, हे सांगितलं आणि मग मला विचारलं. तशी पद्धतच आहे त्यांच्याकडे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आपल्याकडे नाही का आडनाव सांगितलं की गाव विचारतात? मी पुणं सांगितलं, आई सांगितली, बाबा सांगितले.

बाई पुढे वाकल्या. "बाबा कसे आहेत आता?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"माझे वडीलही डायलिसिसवर होते," त्या म्हणाल्या. "मी दोन वर्षं शिक्षण सोडलं होतं. तुझ्या तेव्हाच्या वयाची पोर दवाखान्यातून थेट परीक्षेला जाते म्हणजे काय, हे मला माहीत आहे." आणि त्यांनी टेबलावरून माझ्याकडे टिशूचा डबा सरकवला.

तो डबा बघून मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द नाही. त्यांनी हटकलं असतं तर मी भांडले असते, रेटून नेलं असतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, "थांबा. माझे बाबा कधीच आजारी नव्हते. ते आत्ताही ठणठणीत आहेत. हे पत्रही मीच लिहिलंय, डॉक्टरांनी फक्त सही केली. त्यांनी मला काम करताना कधी पाहिलेलंही नाही."

त्या तरुणाचं लिहिणं थांबलं. बाईंनी माझी फाइल पुढे ओढली. मग विचारलं, "मार्क कमी का?"

"अभ्यास केला नाही. मेडिकल मिळालं नाही म्हणून रागावले होते."

"कोणावर?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "बाबांवर जास्त," मी म्हटलं. "ते मला एका शब्दाने बोलले नाहीत म्हणून. मला वाटलं, त्यांनी माझी आशाच सोडली."

बाईंनी ते पत्र फाइलमधून काढून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत मला अशा माणसाचं पत्र हवं, ज्याने तुला वाईट दिवशी काम करताना पाहिलंय. तुझं निवेदनही पुन्हा लिही, खरं. पुढचं कमिटी ठरवेल. मी शब्द देत नाही." आणि मी दारात पोचले तेव्हा, "हे तुला लिहायच्या आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं." त्या अजिबात रागाने बोलल्या नाहीत. ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडले.

डॉक्टरांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात, सगळेच करतात." मी म्हटलं, हो, पण चूक माझी, तुमचं नाव उगाच गोवलं. ते जरा वरमले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नर्सला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली. "मला का नाही विचारलंस?"

डॉक्टरच्या सहीपुढे नर्सची सही मला हलकी वाटली होती, आणि निघाले होते नर्स व्हायला. तिला ते न सांगता कळलं. माझी मान वर होईना.

"लिहिते," ती म्हणाली.

"ड्राफ्ट पाठवू का मी?" माझ्या तोंडून निघून गेलं. सवय हो! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तशीच मागे फिरले.

जेवणाच्या सुट्टीत तिने एक पान लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. पहिल्याच ओळीला नाकाला मिरच्या झोंबल्या. ही रागीट आहे, लिहिलं होतं. चिडली की ट्रॉली आपटते, रोस्टरवरून वाद घालते. पुढे लिहिलं होतं, एकदा ही एका आजींची बेल हाताशी ठेवायला विसरली, आजी अर्धा तास ओल्या कपड्यांत पडून होत्या. ते कोणी पाहिलं नव्हतं, आजींना आठवतही नव्हतं. हिने स्वतः येऊन मला सांगितलं आणि झाल्या चुकीच्या नोंदीचा फॉर्म भरला. हिच्या मार्कांबद्दल मला काही माहीत नाही. माझ्या आईला हिच्या हाती सोपवून मी घरी जाऊन झोपू शकते.

मी वाचून परत दिलं. "यातलं काही बदलू?" तिने विचारलं. "नको," मी म्हटलं.

तीन आठवडे काही कळलं नाही. नवऱ्यावर खेकसले, मुलीवर खेकसले. एका शनिवारी दुपारी घरातल्याच जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले होते, तिथे फोन वाजला. ईमेल. 'तुम्हाला जागा देताना आम्हाला आनंद होतो.' तीनदा वाचलं. चौथ्यांदा दुकानदाराला वाचायला लावलं, म्हणजे मीच चुकीचं वाचत नाहीये ना? तो म्हणाला, "स्वीट ॲज!", म्हणजे एकदम झकास, आणि चॉकलेट दिलं. माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं खांदे किती आवळून धरले होते ते त्या दिवशी कळलं. दुकानाबाहेरच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटं काहीही केलं नाही.

मग पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती, बाबा टेकडीवरून नुकतेच परतलेले. जागा मिळाल्याचं सांगितलं, मग बाकीचंही सांगून टाकलं. केअरगिव्हर म्हणजे नेमकं काय काम करते तेसुद्धा.

"आणि बाबा, मी तुम्हाला कागदावर आजारी पाडलं होतं."

"काय झालं होतं मला?"

"किडनी."

"बापरे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मी तुला कावीळ लावली होती."

"काय?"

"तुझे विषय राहिले ना, तेव्हा. ऑफिसात, सोसायटीत, तुझ्या आत्याला, सगळ्यांना सांगितलं की पोरीला कावीळ झाली. दोन्ही वर्षी. आत्या डबा भरून उसाचा रस घेऊन आली होती, आठवतंय?"

आठवत होतं. मी तो फुरंगटूनच प्यायले होते. "बाबा, तुम्ही मला रागावला का नाहीत?"

"तूच एवढी रागावलेली होतीस. घरात आणखी एकाला जागा कुठे होती?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुझा राग ओसरला की तू आपोआप अभ्यासाला लागशील. मी वाट बघत होतो."

बाबा म्हणाले, थांब, आत्याला सांगतो. मोबाइल तसाच टेबलावर ठेवून त्यांनी घरचा फोन लावला. मला बाकावर बसून सगळं ऐकू येत होतं.

"ताई, पोरीला नर्सिंगला जागा मिळाली. हो, तिकडेच. आणि ऐक ना, तिला ती कावीळ झाली होती ना, ती झालीच नव्हती. नापास झाली होती. अगं हो, नापास! दोन वेळा!"

इतक्या खुशीत मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.