फ्लेक्सवरचं अंग

सकाळच्या शिफ्टची कंपनी बस मोशीच्या आमच्या चौकात वळली आणि आत एकदम शांतता झाली. पुरुषांनी भरलेली बस अशी गप्प झाली की समजायचं, बाहेर अपघात तरी झालाय, नाहीतर बाई तरी दिसलीय. मी मान वर करून बघितलं. बाहेर मीच होते.

विजेच्या खांबाला टेकवलेला दुमजली फ्लेक्स. त्यावर माझा चेहरा, मावसबहिणीच्या लग्नातला, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. आणि मानेखाली गेमच्या जाहिरातीत असते तसली बाई. छातीवरून गोळ्यांचे दोन पट्टे, आणि पट्ट्यांखाली कापड म्हणावं असं जवळजवळ काही नाही. कंबर मनगटाएवढी, मांडीला सुरा बांधलेला, दोन्ही हातांत बंदुका. वर लिहिलेलं, ‘मोशीची वाघीण! आमच्या ताईंना फायनलसाठी हार्दिक शुभेच्छा’. खाली शुभेच्छुकांची रांग. प्रत्येकाच्या अंगात कोट आणि सगळ्यांचा कोट एकच, कारण आमच्याकडे फ्लेक्सवर चेहरा तेवढा आपला असतो, अंग फ्लेक्सवाल्याचं.

मागून खिक् करून कुणीतरी हसलं. वळून बघते तर वेल्डिंगमधला एक जण मोबाईल खिडकीबाहेर काढून त्या फ्लेक्सचा फोटो घेत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, त्याच्या हातातून मोबाईल हिसकावला आणि रस्त्यावर भिरकावला. मागच्या डंपरच्या चाकाखाली त्याचा चुरा झाला. “ओ मॅडम, डोकं फिरलंय का?” असं म्हणत तो उभा राहिला, तर मी त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की तो परत सीटवर बसला. चाकण येईपर्यंत बसमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीला आहे. लोखंडी तुकडा गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. आम्ही मूळचे लातूरकडचे. नवरा दुसऱ्या कंपनीत फोर्जिंगला, तापलेलं लोखंड घणाखाली धरणारा माणूस. लग्न झालं आणि आमच्या शिफ्टा उलट्या लागल्या. मी घरी यायचे तेव्हा तो निघालेला असायचा. नवराबायको म्हणून आमची भेट व्हायची ती मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये, तो त्याच्या कँटीनमधून, मी बसमधून. घरात मी त्याला अहो म्हणते. गेममध्ये अहोजाहो करत बसलं तर तोवर गोळी लागते, म्हणून तिथे अरे. मला ते अरे फार आवडायचं. त्या अरेमध्ये जेवढा संसार केला तेवढा स्वयंपाकघरात केला नाही.

तर आमच्या चौकातल्या मंडळाने त्याच गेमची, दोघादोघांच्या टीमची स्पर्धा ठेवली होती आणि आम्ही फायनलला पोचलो होतो. सगळ्या टीममध्ये बाई मी एकटी. रविवारी संध्याकाळी मैदानात मोठ्या पडद्यावर फायनल होती. आयुष्यभर दुसऱ्याचे तुकडे मोजणाऱ्या बाईला स्वतःचं म्हणावं असं एवढंच मिळालं होतं. ते हातचं जाणार, हे मला बसमध्येच कळलं होतं.

त्या दिवशी लाइनवर मी चांगले तुकडेसुद्धा लाल पेटीत आपटले. डोक्यात एकच फिरत होतं, ही बाई आली कुठून? म्हणजे कुठून आली ते माहीतच होतं. गेममध्ये फेरी संपली की जाहिरात येते. जाहिरातीत एक बाई चिखलात पडलेली, कपडे फाटलेले, दोन गडी तिला ओढतायत, आणि खाली विचारतात, वाचवणार की सोडणार? गेम उघडून बघावं तर आत भलतंच असतं, रंगीत गोट्या जुळवायच्या असतात. गोट्या विकायला बाईला चिखलात लोळवायची! मेल्यांना लाज नाही.

आणि गेम म्हणजे सगळाच उकिरडा असंही कुणी म्हणू नये, मी भांडेन. नणंदेकडे कॉम्प्युटरवर मी एक गेम खेळले होते. त्यात आपण एका पहारेकऱ्याचा गळा चिरतो. पुढे कितीतरी वेळाने आपण एका घरात लपायला जातो, तर तिथे एक बाई ताट वाढून बसलेली असते. तिला आपण कोण ते माहीत नसतं. ती आपल्याला म्हणते, तुम्ही जेवून घ्या, आमच्या माणसाला यायला उशीर झालाय. मी हातातलं खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. नणंदेला वाटलं, पोटात दुखतंय. एवढं जमतं या लोकांना! आणि त्याच गेमच्या जाहिरातीत काय होतं? नदीतून ओली होऊन बाहेर येणारी एक पोरगी, जी अख्ख्या गेममध्ये दाराआडून एकदा दिसते. वर अठरा वर्षांपुढच्यांसाठी म्हणून शिक्का. अहो, मिसरूड फुटणं वेगळं आणि जाणतं होणं वेगळं. ताट वाढून बसलेली बाई जाणत्यांसाठी होती. ती ओली पोरगी मिसरूडवाल्यांसाठी.

शिफ्ट सुटली तर गेटवर नवरा मोटरसायकल घेऊन उभा. डोळे लाल, शर्टाची बाही फाटलेली. त्या दिवशी त्याला ओव्हरटाइमला सकाळीच बोलावलं होतं. त्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी फ्लेक्सचा फोटो दाखवून काहीतरी बोललं होतं, आणि त्याने जेवणाचं ताट त्या माणसाच्या तोंडावर हाणलं होतं. समोरच्याचा दात पडला होता.

“बस मागे,” तो म्हणाला. “आणि ते रविवारचं विसर. संपला खेळ.”

“माझा काय दोष?”

“दोष नाही. पण संपलं.”

मी मागे बसले. मला वाटलं, आधी फ्लेक्सवाल्याचा हिशेब करू, याचं नंतर बघू.

फ्लेक्सवाला मोशी गावातलाच, पोट सुटलेला, कधी कुणाशी वाकडं न बोलणारा. दुकानात तो लाकडी फ्रेमवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकत बसला होता. आम्हाला बघून उठलाच. “या ताई, या! कसा झालाय? पोरं म्हनली, एकदम कडक.”

त्याचं तोंड मिटायच्या आत नवऱ्याचा ठोसा बसला. घणाखाली लोखंड धरणारा हात तो. फ्लेक्सवाला फ्रेमवर कोसळला. नवऱ्याने बाजूची लाकडी पट्टी उचलली, तिला खिळे तसेच होते, आणि ती त्याच्या खांद्यावर घातली, मग पाठीवर, मग परत खांद्यावर. वाढदिवसवाल्याच्या कोटावर रक्ताचे शिंतोडे उडाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. नुसतं बरं वाटून थांबले नाही. आमच्या कंपनीच्या बुटांना पुढे लोखंडी टोक असतं. ते मी त्याच्या बरगडीत घातलं.

“मारू नगा ओ! आई गं... दादा, तुमीच तर पाठवला की फोटू!”

“गप,” नवरा म्हणाला.

तो चिडून म्हणाला असता तर माझ्या लक्षातही आलं नसतं. तो घाईने म्हणाला. मी त्याच्या हातातली पट्टी धरली. “काय पाठवलं?” मी फ्लेक्सवाल्याला विचारलं.

त्याने रक्ताळलेल्या अंगठ्याने मोबाईल उघडून माझ्यापुढे धरला. नवऱ्याचा मेसेज होता. पहिला फोटो माझा, लग्नातला. दुसरा फोटो गेममधल्या त्याच्या खेळाडूचा. खाली लिहिलेलं, ‘दोघांची टीम आहे, दोन्ही घ्या.’

“येक तोंड, येक अंग,” फ्लेक्सवाला फरशीवर बसून म्हणाला. “आमच्याकडं समदे असंच पाठवत्यात, ताई. आपलं तोंड, आन् जे अंग पायजे त्याचा येक फोटू. मला वाटलं, ताईंना ह्येच अंग पायजे.”

नवरा गेममध्ये बाई घेऊन खेळतो हे मला माहीत होतं. बरेच पुरुष खेळतात. कारण विचारलं तर म्हणायचा, तासभर कुणाच्या तरी पाठीमागून बघायचंय, तर निदान बघण्यासारखं असू दे. मी हसायचे. ते गोळ्यांचे पट्टे त्याने पगारातून विकत घेतले होते, त्या सोहळ्याला मी पेढेच काय ते वाटायचे बाकी ठेवले होते. शत्रू दिसला की मी बिनधास्त त्या उघड्या पाठीमागे लपायचे. वर्षभर पाठच बघितलेली, म्हणून फ्लेक्सवर समोरून ती मला ओळखू आली नव्हती.

“तू सकाळीच ओळखलं होतंस,” मी म्हणाले. चार माणसं दारात जमली होती आणि माझ्या तोंडून अहो निघेना. “कँटीनमध्ये फोटो बघितला तेव्हाच ओळखलंस.”

“मला वाटलं तो दोघं वेगवेगळे छापेल.”

“मग याला कशाला मारलंस?”

तो मान खाली घालून शर्टाची फाटलेली बाही दुमडायला लागला.

“अरे, वर्षभर तू त्या अंगात राहतोयस! तेव्हा तुला काही झालं नाही. माझं तोंड लागलं तर माणूस मारायला निघालास होय?”

आणि मी त्याला मारलं. सगळ्यांसमोर, उजव्या हाताने, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याचं डोकं मागच्या रॅकवर आपटलं. तो पलटून मारेल म्हणून मी पट्टी घट्ट धरून उभी राहिले, खरंच मारलं असतं तर मी सोडला नसता. पण तो गाल धरून उभा राहिला.

मग मीच फ्लेक्सवाल्याला धरून दवाखान्यात नेलं. खांद्याला टाके पडले. मी त्याचे पाय धरले तर तो बिचारा ओशाळून म्हणाला, “ऱ्हाऊ द्या वो, चुकी झाली.” चूक आमची, टाके त्याला, आणि माफीही तोच मागतोय! मंडळाचा अध्यक्ष धावत आला. त्याला एकच चिंता, पोलीस नकोत. “ताई, न्हाई, चुकलंच. रातोरात दुसरा लावतो. साडीतलं अंग हाय याच्याकडं, मागच्या निवडणुकीतल्या बाईंचं. ते बशीवतो, चालंल?”

“मला माझं अंग आहे,” मी म्हणाले. “दुसरं बसवू नका. तो फ्लेक्स तेवढा खाली घ्या.”

घरी दोन दिवस आम्ही बोललो नाही. शनिवारी त्याने विषय काढला, की सगळं मिटेपर्यंत जाऊ नये, लोक बोलतील, आणि तसंही तो पट्टेवाला पोशाख त्याने काढून टाकलाय, आता साधा शिपाई केलाय. हे सांगताना त्याला वाटलं असणार, मी खूश होईन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“परत घाल,” मी म्हणाले.

“काय?”

“तोच पोशाख परत घाल. मी उद्या खेळणार आहे आणि तू माझ्याबरोबर खेळणार आहेस, त्याच अंगात. नाही आलास तर मी एकटी बसेन, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की फोटो कुणी पाठवला.”

रविवारी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर टीमची टेबलं, मागे भिंतीएवढा पडदा. मी कंपनीचा शर्टपँट घालून बसले. खेळ सुरू झाला आणि पहिल्यांदा त्याचा खेळाडू पडद्यावर आला, तसं मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. पडदा चालवणाऱ्या पोराने कॅमेरा तिच्या कमरेपाशी नेला आणि तिथेच ठेवला. “आयटम! आयटम!” करून पोरं ओरडायला लागली. कुणीतरी “वळव, वळव तिला!” म्हणालं आणि हशा पिकला. माझा नवरा शेजारी बसून घामाने भिजला होता. त्याचे अंगठे काचेवरून घसरत होते. वर्षभरात मी त्याला इतकं वाईट खेळताना बघितलं नव्हतं.

“अरे, डावीकडे,” मी म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही. डावीकडच्याने त्याला छातीत गोळ्या घातल्या. ती बाई पायऱ्यांवर पडली. आणि मग मारणाऱ्याने, तो दोन टेबलं सोडून बसलेला धिप्पाड पोरगा होता, आपला माणूस तिच्या प्रेताजवळ आणला आणि तिच्यावर उठबशा काढायला लागला. हे लोक करतात असं, मेलेल्याला हिणवायला. पण भिंतीएवढ्या पडद्यावर, त्या अंगावर, ते काय दिसत होतं हे लहान पोरालाही कळलं असतं. सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि उठबशांच्या तालावर ओरडायला लागलं.

नवरा ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. त्याची मूठ वळलेली मी बघितली, आणि ती मूठ काय करते ते मला ठाऊक होतं. मी एका हाताने त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला खाली खेचलं. तो पडलेल्या खुर्चीशेजारी फळीवरच बसला, माझ्या पायाशी.

“त्याने तुला...” एवढंच तो म्हणाला.

“मला नाही,” मी म्हणाले. “तुला.”

त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तो धिप्पाड पोरगा अजून उठबशा काढत होता, त्याचं डोकं माझ्या नेमात होतं, आणि त्याच्यामागे आणखी दोघं जिवंत होते.