वरच्या फळीवरचा मग

माझं जर्मन सुधारलं ते आमच्या बाईंमुळे. बाई ड्रेस्डेनला आमच्याच इमारतीत राहतात, मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. तिकडे काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या, गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध मोर्चे काढायच्या, तुरुंगातही जाऊन आल्या आणि शेवटी इकडे पळून आल्या. दर गुरुवारी चहाला येतात आणि माझं क्रियापद चुकलं की सालटी काढतात. पुण्याहून आले तेव्हा मी लोकांशी बोलत नव्हते, नुसती हसत होते. बाई नसत्या तर अजून हसतच बसले असते.

त्या गुरुवारी सासूबाईही होत्या, महिन्याभरासाठी आलेल्या. बाईंचं बोलणं मी त्यांना मराठीत सांगत होते. शाळा तपासनिसाच्या कार्यालयात शिक्षकांची बैठक असायची. गोऱ्यांना चिनी मातीचे कप, काळ्यांसाठी मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेले पत्र्याचे मग. एकदा बाईंनी चहाच नाकारला. पुढच्या बैठकीत एकाही काळ्या शिक्षकाने मग उचलला नाही. बाईंची नोकरी गेली.

"काय मेली माणसं तरी!" मी तावातावाने म्हणाले. "साध्या चहातसुद्धा भेदभाव?"

तोवर सासूबाईंनी चहा गाळला होता. बघते तर काय, बाईंसमोर आमच्या रोजच्या सेटमधला कप!

"अहो आई, त्यात नको! त्यांचा मग वेगळाय, वरच्या फळीवर."

"का गं?"

आम्ही शाकाहारी, बाई सगळं खातात, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तो मग बाजूला काढला होता. घासायचा स्पंजही निराळा. इतकं अंगवळणी पडलेलं, की त्यात काही आहे हेच विसरले होते. एकादशी न चुकवणाऱ्या सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

थाप मारावी असं मनात आलं. पण लागणारे सगळे शब्द मला येत होते, बाईंनीच शिकवलेले. सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बघतेय मी तो मग."

"तरी येत का राहिलात?"

"तू शिकत होतीस ना."

त्यांनी मला तो मग खाली काढायला लावला, त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. लख्ख मग, मीच घासलेला. तरी उचलताना माझा हात अडखळला. बाईंनी ते पाहिलंच. मी प्यायले, सगळा प्यायले.

"पुढच्या गुरुवारी परत," बाई म्हणाल्या. क्रियापद चुकल्यावर 'परत म्हण' म्हणतात, अगदी तश्शा.